पिरियड १८ सेकंद: ४ मे २०२४, मालवणच्या दक्षिणेची एक पुळण

शनिवार होता. सकाळी सहा वाजता खाडीच्या जेटीवर सर्फिंगचे बोर्ड धुवायला गेलो, तेव्हा आमचे शेजारी नाखवे पायरीवर बसून पाण्याकडे बघत होते. सत्तरी पार केलेला माणूस. मला बघून एवढंच म्हणाले, "झिला, ह्या पाणी बघ. होडी गेली नाय, वारो नाय, मगे पाणी पायरी चढता कशाक?"

मी बघितलं. पाणी हळूच दोन पायऱ्या चढलं, क्षणभर थांबलं आणि तितक्याच हळू उतरलं. लाट म्हणावी असं काहीच नव्हतं, पाण्यावर सुरकुतीही नव्हती. बांधलेल्या होड्या मात्र दोर ताणायच्या, सैल सोडायच्या, परत ताणायच्या. "आज पोरांक पाण्यात घालू नको," ते म्हणाले. "होय काकानू, बघतंय," म्हणून मी निघालो.

पुढच्या दहा तासांत जे घडलं ते मी सविस्तर लिहून ठेवतो आहे. मी इथे सर्फिंग शिकवतो. त्या दिवशी माझ्या हातात जवळजवळ सगळी माहिती होती, तरी एक गोष्ट मी उशिरा केली.

जागा

मालवणच्या खाली तारकर्ली-देवबागचा पट्टा कर्ली नदी आणि अरबी समुद्र यांच्या मधोमध चिंचोळ्या पट्टीसारखा दक्षिणेला उतरत जातो. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला दर्या. याच भागातली आमची पुळण पश्चिमेकडे तोंड करून आहे. किनाऱ्यापासून थोडं आत वाळूचा एक दांडा आहे. दर पावसाळ्यात तो मोडतो आणि गणपतीनंतर पुन्हा बसतो, पण कधीच आधीच्या जागी नाही. त्या वर्षी त्याला दोन ठिकाणी घळी पडल्या होत्या. दांड्यावर लाट फुटते, पाणी आत येऊन साठतं आणि समुद्रात परत जायला घळीची वाट धरतं. ही परतीची वाट म्हणजे आमची 'ओढ', इंग्रजीतला रिप करंट.

ओढीची जागा दिसायला फार सोज्वळ असते. घळीत पाणी खोल, त्यामुळे तिथे लाट फुटत नाही आणि फेस दिसत नाही. रंग जरा गडद, पृष्ठभाग शांत. लहान मुलं घेऊन आलेला माणूस अख्ख्या किनाऱ्यावरून नेमकी तीच जागा निवडतो, कारण बाकी सगळीकडे लाटा असतात. हे मी इतक्या वेळा बघितलं आहे, की आता किनाऱ्यावर आल्यावर आधी लाटा बघतच नाही. लाटा कुठे नाहीत ते बघतो.

मे महिन्याचा पहिला आठवडा म्हणजे आमच्याकडे ऐन गर्दी. शाळांना सुट्ट्या, घाटावरून येणाऱ्या गाड्यांची रांग, शिवाय ७ मेला रत्नागिरी-सिंधुदुर्गात लोकसभेचं मतदान, त्यामुळे रिक्षांवर भोंगे. हवामान या दिवसांत ठरलेलं असतं. पहाटे जमिनीवरून मतलई वारा, नऊ-दहाला तो पडतो, दुपारी वायव्येकडून खारा वारा उठतो आणि चार-पाच सेकंदांच्या बारक्या, उथळ लाटा हाणत बसतो. शिकणाऱ्यांसाठी याहून चांगला काळ नाही. पावसाळ्यात याच समुद्रात खोल पाण्यावर तीन-चार मीटरच्या लाटा उठतात, तेव्हा इथे कुणी पाऊलही टाकत नाही. मे मात्र सगळ्यांना आपला वाटतो.

हातात काय होतं

सात ते नऊची बॅच मी घेतली. कमरेइतक्या पाण्यात आठ फुटी फोमचे बोर्ड, सहा विद्यार्थी. काहीही वावगं झालं नाही.

दहाच्या सुमारास व्हॉट्सॲपवर इशारा फिरत फिरत आला. हैदराबादच्या भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्राचा, म्हणजे इन्कॉइसचा. ४ मेला सकाळी साडेअकरापासून ५ मेच्या रात्री साडेअकरापर्यंत, असे छत्तीस तास किनाऱ्यावर अर्धा ते दीड मीटरच्या लाटा. मुंबई महापालिकेनंही त्याच इशाऱ्याचा हवाला देऊन लोकांना समुद्रात न उतरण्याचं आवाहन केलं होतं. आमच्या गटात त्यावर पहिलं उत्तर आलं ते असं: "दीड मीटर? एवढी लाट तर रोज असते."

हे उत्तर देणारा माणूस अडाणी नाही, त्याचं आयुष्य पाण्यात गेलं आहे. त्याला मिळालेला आकडाच अपुरा होता. आमच्यापर्यंत पोचलेल्या मजकुरात फक्त उंची होती. दोन लाटांच्या माथ्यांमध्ये किती सेकंद जातात, म्हणजे पिरियड किती, हे त्यात नव्हतं.

माझ्या फोनवरच्या सर्फच्या अंदाजात ते होतं: उंची सुमारे एक मीटर, पिरियड १८ सेकंद, दिशा दक्षिण-नैऋत्य. खरं सांगतो, ते वाचून माझं काळीज आनंदानं उडालं. वर्षातून दोन-तीनदा असा स्वेल, म्हणजे दूरच्या वादळातून निघालेल्या लाटांचा ताफा, येतो, तोही वारा पडलेला असताना. मी दोघा सहकाऱ्यांना फोन केला आणि मोठे बोर्ड काढले. संध्याकाळची मुलांची बॅच रद्द केली. लाल बावटा मात्र झोपडीत गुंडाळलेलाच राहिला. दुपारच्या उन्हात कोण पाण्यात येतंय, चार वाजता लावू, असं मनात होतं.

एक गोष्ट मला पुरेशी कळली नाही. सकाळी जेटीच्या पायरीवर नाखव्यांनी दाखवलं ते याच स्वेलचं पहिलं पाऊल होतं. सगळ्यात लांब पिरियडच्या लाटा सगळ्यात आधी पोचतात. तेव्हा त्यांची उंची बोटभर असते, म्हणून उघड्या समुद्रात त्या दिसतच नाहीत. खाडीच्या बंद पाण्यात पायरी आणि होडीचा दोर मात्र त्यांना पकडतात. इशाऱ्याच्या चार तास आधी मला इशारा मिळाला होता.

साडेअकरा ते तीन

साडेअकराला आम्ही तिघं दांड्याच्या बाहेर बोर्डावर बसलो होतो. खारा वारा अजून उठायचा होता. पहिला सेट, म्हणजे एकामागोमाग येणाऱ्या मोठ्या लाटांचा गट, आला तेव्हा क्षितिजावर आधी एक रेघ उमटली, मग तिच्यामागे दुसरी, तिसरी. मे महिन्यात आमच्याकडे लाटा मोडक्या-तोडक्या येतात, कुठून कुठे फुटेल सांगता येत नाही. या रेघा मात्र पुळणीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग होत्या. मी घड्याळ लावलं. अकरा माथे मोजायचे, त्यात दहा अंतरं येतात. दोन मिनिटं सत्तावन्न सेकंद. म्हणजे एकेका लाटेमागे जवळजवळ अठरा सेकंद.

बाहेर डोक्याइतकीही न वाटणारी लाट दांड्यावर चढली की उभी राहायची. मी चार लाटा घेतल्या. चौथी इतकी लांब धावली की उतरताना मांड्या थरथरत होत्या. या किनाऱ्यावर इतकी सुरेख लाट मला क्वचितच मिळाली आहे आणि हे लिहिताना ते लपवायचं कारण नाही.

मग सगळं थांबलं. तेरा मिनिटं काहीही नाही, पाणी सपाट. किनाऱ्याकडे वळून बघितलं तर ओल्या वाळूच्या जरा वर एका कुटुंबानं चटई टाकली होती. आजी, आई-वडील, दोन लहान मुलं. त्यांच्या डावीकडे, नेमक्या घळीच्या तोंडाशी, कॉलेजच्या वयाची पाच-सहा मुलं कमरेइतक्या पाण्यात उभी होती. ती आली तेव्हा समुद्र सपाट होता आणि समुद्र असाच असतो, असं त्यांना वाटलं असणार. त्यात त्यांची काय चूक?

मी बाहेर आलो. वडिलांना म्हटलं, "दादा, चटई वर झाडांपाशी घ्या, मोठ्या लाटा येतायत." त्यांनी समुद्राकडे हात केला. "कुठायत लाटा? काहीच नाही की हो." मी परत म्हटलं. त्यांनी माझं बोलणं हसून झटकलं नाही. ते उठायलाच लागले होते, आजींना हात देत होते, तेवढ्यात सेट आला.

सहा-सात लाटा होत्या. पहिलीचं पाणी चटईच्या खाली पाच हात थांबलं. दुसरीचं चटईखालून गेलं. तिसरीचं चटईपलीकडे कोरड्या वाळूत दहा पावलं चढलं आणि उतरताना चपला, डबा, मुलांची बादली सगळं घेऊन गेलं. आजी गुडघ्यावर बसल्या, पण मुलगा त्यांच्या शेजारीच होता. छोटीला आईनं उचललं होतं. मला आजही तो स्टीलचा डबा दिसतो. झाकण घट्ट होतं, तो उभाच्या उभा तरंगत डावीकडे गेला आणि मग सरळ समुद्राच्या दिशेनं निघाला. ओढ कुठे आहे, ते त्या डब्यानं अचूक दाखवलं.

त्याच ओढीत दोन मुलांचे पाय सुटले होते.

माझा एक सहकारी बाहेर बोर्डावरच होता, तो वरून आला. मी किनाऱ्यावरून घळीतच शिरलो, कारण आत जायला तीच सर्वांत वेगवान वाट. मुलं किनाऱ्याकडे तोंड करून जिवाच्या आकांतानं हात मारत होती आणि तरी मागे मागे जात होती. एकेकाला बोर्डावर छातीवर झोपवलं. सगळ्यात अवघड काम त्यानंतरचं होतं: त्यांना पटवून देणं की आता किनाऱ्याकडे जायचं नाही. दांड्यावर लाटा फुटत होत्या. आम्ही त्यांना घेऊन अजून बाहेर, फेसाच्या पलीकडे गेलो आणि सेट संपेपर्यंत तिथे थांबलो. एकजण माझं मनगट सोडायला तयार नव्हता. सेट संपल्यावर किनाऱ्याला समांतर सरकलो आणि घळ टाळून दांड्यावरून, अगदी सावकाश, आत आलो. एकूण वीस मिनिटं. एकाच्या पोटात पाणी गेलं होतं, त्याला डॉक्टरांकडे नेऊन तपासून आणलं. दोघं ठीक होते.

त्यानंतर लाल बावटा लागला. पावणेदोन वाजले होते. तो साडेदहाला लागायला हवा होता. ही चूक माझी आहे.

हिशेब

संध्याकाळी वही घेऊन बसलो. घडलेलं नीट समजलं नाही तर पुढच्या वेळी तेच होईल, ही भीती होती.

आधी भरती-ओहोटी. त्या दिवशी वरूथिनी एकादशी. आपल्याकडचा जुना हिशेब सांगतो, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. अकराची पाऊणपट सव्वाआठ. हिशेब ढोबळ आहे आणि बंदराप्रमाणे थोडा मागे-पुढे होतो, पण सकाळी आठच्या आगेमागे भरती आणि दुपारी दोन-अडीचच्या सुमारास ओहोटी, एवढं त्यावरून कळतं. म्हणजे स्वेल पोचला तेव्हा पाणी उतरत होतं. उतरत्या पाण्यात दांडा उथळ होतो, लाट त्यावर जास्त जोरात फुटते आणि परतीचं पाणी घळीतच कोंबलं जातं. ओढ तेव्हा सगळ्यात खुनशी असते.

दुसऱ्या बाजूनं नशीब आमच्या बाजूचं होतं. एकादशी म्हणजे भांगाचे, लहान भरतीचे, दिवस नुकतेच सरलेले, भरती अजून लहान. अमावास्या तीन-चार दिवसांवर होती. हाच स्वेल उधाणाच्या भरतीवर बसला असता, तर गोष्ट चटई-चपलांवर थांबली नसती, पाणी माडांच्या आत गेलं असतं.

आता पिरियड. एक मीटर उंचीची सहा सेकंदांची लाट आणि एक मीटर उंचीचीच अठरा सेकंदांची लाट यांत काय फरक? खोल पाण्यात पहिलीची लांबी सुमारे ५६ मीटर, दुसरीची ५०० मीटर. लाटेला तळ लागतो तो तिच्या लांबीच्या निम्म्या खोलीवर. पहिलीला २८ मीटरवर, दुसरीला २५० मीटरवर. म्हणजे ही लाट समुद्रबूड जमिनीवर चढल्याबरोबर तिचे पाय जमिनीला टेकलेले असतात आणि तेव्हापासून ती तळाच्या आकाराप्रमाणे वळत येते. ती वाहून आणते ती शक्ती तिप्पट. फुटताना पहिली सव्वा मीटरची होते, दुसरी जवळजवळ दोन मीटरची. फुटल्यानंतर पाणी वाळूवर किती उंच चढेल, तेही साधारण पिरियडच्या प्रमाणातच वाढतं, म्हणजे तिप्पट. रोज जिथे चटई कोरडी राहते ती जागा त्या दिवशी समुद्राचीच होती.

शिवाय अंदाजात छापलेली उंची म्हणजे सर्वांत मोठी लाट नव्हे. ती सगळ्यात मोठ्या एक-तृतीयांश लाटांची सरासरी असते. काही तासांत येणारी एखादी लाट तिच्या दुपटीला भिडू शकते.

रविवारी मी परत परत मोजत राहिलो. दुपारी तीनला पिरियड १५ सेकंदांवर आला होता. आणि इथे मला या सगळ्या प्रकरणातली सर्वांत विलक्षण गोष्ट सापडली, वही-पेन्सिलीनं.

खोल समुद्रात स्वेल ताशी किती किलोमीटर सरकतो, ते काढायला पिरियडला २.८नं गुणायचं. अठरा सेकंदांचा ताशी ५०, पंधरा सेकंदांचा ४२. दोघं एकाच वादळातून एकाच वेळी निघाले, पण एक शनिवारी बाराला पोचला आणि दुसरा रविवारी तीनला, सत्तावीस तास मागून. शाळेतल्या दोन आगगाड्यांच्या गणितासारखं मांडलं तर अंतर येतं सुमारे ६,८०० किलोमीटर. आणि निघण्याची वेळ येते २८ एप्रिलची रात्र.

मालवणपासून दक्षिणेला इतकं अंतर मोजलं, तर आपण विषुववृत्त ओलांडून ४५ दक्षिण अक्षांशाच्या आसपास, भूगोलातल्या 'गरजणाऱ्या चाळीस' वाऱ्यांच्या पट्ट्यात जातो. हिंदी महासागराच्या दक्षिण टोकाकडच्या केर्गेलेन बेटांच्या बाजूचा तो ओसाड समुद्र. तिथे एप्रिलच्या शेवटी एक वादळ घोंघावलं आणि साडेपाच दिवसांनी त्याचं पाणी आमच्या पुळणीवर येऊन एका आजींच्या चपला घेऊन गेलं. मधल्या सगळ्या वाटेवर ऊन होतं. आभाळ बघून हवामान सांगणाऱ्या माणसाला हे कळणार कसं?

१९६३ साली समुद्रशास्त्रज्ञ वॉल्टर मंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूझीलंडपासून अलास्कापर्यंत मोजणीची ठाणी मांडून दक्षिणेच्या वादळांचा स्वेल सगळा प्रशांत महासागर ओलांडताना टिपला होता. माझी मोजणी त्यापुढे काहीच नाही. पण रीत तीच आहे आणि त्यासाठी मनगटावरचं घड्याळ पुरतं.

केरळात याला नाव आहे

आपल्याकडे या प्रकाराला वेगळं नाव नाही, आपण सगळ्यालाच उधाण म्हणतो. केरळातले मच्छीमार त्याला 'कल्लक्कडल' म्हणतात, म्हणजे चोरासारखा येणारा समुद्र. वारा नाही, पाऊस नाही आणि पाणी घरात. २०१२ साली युनेस्कोनं हा शब्द अधिकृतपणे स्वीकारला. आमच्या या प्रसंगाच्या महिनाभर आधी, २०२४च्या ३१ मार्चला, असाच स्वेल आलप्पुळा, त्रिशूर, तिरुअनंतपुरमच्या किनाऱ्यांवर घुसला होता. त्याचा उगम इन्कॉइसनं सुमारे दहा हजार किलोमीटरवर, दक्षिण अटलांटिकातून सरकलेल्या कमी दाबाच्या पट्ट्यात दाखवला होता. २०२०पासून इन्कॉइस अशा लाटांचा खास अंदाज देतं, रत्नागिरीजवळ लाटा मोजणारा बोयाही आहे. म्हणजे विज्ञान आपल्या किनाऱ्यापर्यंत पोचलं आहे. ते पुळणीवर उतरताना त्यातला पिरियड गळून पडतो, ही माझी तक्रार. उंचीचा आकडा एकटा सांगणं म्हणजे ट्रक येतोय हे न सांगता फक्त त्याची उंची सांगण्यासारखं आहे.

सोमवारी, ६ मेला, कन्याकुमारीच्या किनाऱ्यावर पाच वैद्यकीय विद्यार्थी बुडाले. बातमी आली तेव्हा मी बोर्ड पुसत होतो. आम्ही ओढीतून काढलेल्या दोन मुलांच्याच वयाची मुलं. त्या रात्री झोप लागली नाही.

आता काय करतो

बावटा आता अंदाजातल्या उंचीवर लागत नाही. पिरियड १४ सेकंदांच्या वर गेला की लाल, समुद्र कितीही सपाट असो. पुळणीच्या वाटेवर फळा आहे. त्यावर रोज सकाळी खडूनं लिहितो: उंची, पिरियड, दिशा, ओहोटीची वेळ आणि घळ कुठे आहे त्याचा बाण. शेवटची ओळ कायमची रंगवून घेतली आहे: "पाण्यात उतरण्याआधी वीस मिनिटं वाळूत बसून बघा." दोन सेटमधली तेरा मिनिटांची शांतता माणसाला फसवते आणि ती ओळखायला वीस मिनिटं बसण्याखेरीज दुसरा उपाय मला सापडलेला नाही.

आसपासच्या घरगुती निवासवाल्यांकडे जाऊन बोललो. "इशारा आहे" असं पाहुण्यांना सांगितलं तर कुणी ऐकत नाही, हे त्यांनीच सांगितलं. मग आम्ही वाक्य बदललं: "आज पाणी चटईपर्यंत येणार, चपला वर काढा." हे लोक ऐकतात. चपलांची काळजी माणसाला लगेच कळते आणि तो आपोआप दहा पावलं वर बसतो. घावणे, वडे, माशाचं ताट देता देता हे वाक्य आता बहुतेक घरांत सांगितलं जातं.

घळीच्या तोंडाशी दोन खांब रोवून मधे दोर बांधतो. दांडा सरकला की खांबही सरकतात. महिन्यातून दोनदा ओहोटीला जाऊन घळ पायानं चाचपून येतो.

आणि नाखव्यांनी जेटीच्या पायरीवर चुन्यानं एक रेघ ओढली आहे. वारा नसताना, होडी गेली नसताना पाणी त्या रेघेला लागलं, की ते मला फोन करतात. पहिल्या पावसात रेघ पुसली जाते, दिवाळीच्या सुमारास ते परत ओढतात. गेल्या एप्रिलात एकदा पहाटे पावणेसहाला फोन वाजला. मी काही बोलायच्या आत पलीकडून आवाज आला, "झिला, लागला." मी तसाच उठलो, आधी बावटा लावला आणि मग घड्याळ घेऊन जेटीवर मोजायला गेलो.